स्नायू आवळणारा आणि रक्तवाहिनी सैल करणारा एकच निरोप

वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो की तंबाखूचा विषय निघतोच. मागच्या खेपेला पन्नाशीच्या एका मावशींचा वरचा आकडा १६० च्या पुढे निघाला. आम्ही मिश्री सोडायला सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सिस्टर, मिश्री मी दातांना लावते, रक्ताच्या नसांना थोडीच लावते? मग बीपीचा आणि तिचा काय संबंध?"

रांगेतल्या बायका हसल्या, पण प्रश्न अगदी बरोबर होता. "वाईट असते, सोडा" एवढे सांगून कोणी काही सोडत नाही आणि का सोडावे हेही कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आपल्या शरीरात निरोप कसे पोचतात, ते आधी समजून घ्यावे लागेल. त्या निरोपांच्या कामात एक रसायन फार महत्त्वाचे आहे. त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन. नाव अवघड आहे, काम समजायला अवघड नाही.

आधी एक घोळ मिटवू. बोलताना आपण दोन वेगळ्या गोष्टींना 'नस' म्हणतो. मेंदूचा निरोप नेते तीही नस आणि रक्त नेते तीही नस. या लेखात निरोप नेणाऱ्या नसेला मज्जातंतू म्हणू आणि रक्त नेणाऱ्या नसेला रक्तवाहिनी.

हंडा उचलताना काय होते?

सकाळी नळावर आपण भरलेला हंडा उचलतो. मेंदूकडून निघालेला निरोप मज्जातंतूतून विजेसारखा हाताच्या स्नायूपर्यंत येतो. पण मज्जातंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. मध्ये एक फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. वीज ही फट ओलांडत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी अगदी लहान पिशव्या असतात आणि त्यांत अ‍ॅसिटिलकोलीन भरलेले असते. निरोप येताच त्या पिशव्या फुटतात, रसायन फटीत उतरते आणि पलीकडे स्नायूच्या पेशीवर असलेल्या खास जागांवर जाऊन बसते.

या जागा म्हणजे कुलपे आणि अ‍ॅसिटिलकोलीन ही किल्ली, असे समजा. किल्ली बसली की पेशीची दारे उघडतात, सोडियमचे कण आत शिरतात, पेशीच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते आणि स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात. स्नायू आखडतो, मूठ आवळते, हंडा वर येतो.

हंडा खाली ठेवताना मूठ सुटायलाही हवी. त्यासाठी त्याच फटीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार असते. ते अ‍ॅसिटिलकोलीनचे लगेच तुकडे करते. एका सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात किल्ली मोडून पडते आणि कुलूप पुन्हा मोकळे होते. किल्ली बसणे जितके गरजेचे, तितकेच ती निघणेही गरजेचे. हे लक्षात ठेवा, पुढे कीटकनाशकाच्या वेळी त्याचे काम पडणार आहे.

दोन बेडकांची हृदये

मज्जातंतू रसायनातून बोलतात, हे सिद्ध करणारा गाजलेला प्रयोग ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी केला. साल १९२१. त्यांनी दोन बेडकांची हृदये मिठाच्या पाण्यासारख्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला विजेचा हलका धक्का दिला. हृदय मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचे द्रावण घेऊन दुसऱ्या हृदयाला दिले. त्याला धक्का दिला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतूने द्रावणात काहीतरी सोडले होते. ते अ‍ॅसिटिलकोलीन होते. इंग्लंडमधले हेन्री डेल याच रसायनावर काम करत होते. दोघांना १९३६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लोवी ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर त्यांना अटक झाली आणि देश सोडण्याआधी नोबेलचे पैसेही नाझींच्या ताब्यातल्या बँकेला द्यावे लागले. माणसाचा जन्म कोणत्या घरात झाला, एवढ्यावरून त्याची किंमत ठरवणारी व्यवस्था मोठ्या शास्त्रज्ञालाही सोडत नाही. आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

आता एक गोष्ट पाहा. हेच रसायन हाताचा स्नायू आखडवते आणि हृदय मंदावते. आतड्याचा आणि श्वासनळीचा स्नायू मात्र त्याने आवळतो. किल्ली तीच, पण कुलपे वेगवेगळी आहेत आणि कुलपाच्या आतली यंत्रणाही वेगळी आहे. त्यामुळे निरोप काय आला यावर सगळे ठरत नाही. तो घेणारा कोण, यावरही ठरते.

रक्तवाहिनीचे कोडे

रक्तवाहिनीच्या भिंतीतही स्नायू असतो. तो आवळला की वाहिनी अरुंद होते आणि सैल पडला की रुंद होते. वाहिन्या आवळलेल्या राहिल्या तर हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि रक्तदाब वाढतो.

अ‍ॅसिटिलकोलीन टोचले की जनावराचा रक्तदाब उतरतो, म्हणजे वाहिन्या सैल पडतात, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होते. पण अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीची पट्टी कापून तिच्यावर हेच रसायन टाकत, तेव्हा ती पट्टी आवळायची. जिवंत शरीरात सैल आणि कापलेल्या पट्टीत आवळ, असे का, हे कोडे कित्येक वर्षे सुटले नाही.

ते सुटले एका चुकीमुळे. १९७८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाकडून प्रयोगाच्या पायऱ्यांचा क्रम चुकला आणि पट्टी आवळायच्या ऐवजी सैल पडली. फर्चगॉट यांनी चूक झाकली नाही, तिचा माग काढला. तेव्हा कळले की पूर्वी पट्टी तयार करताना तिची आतली बाजू घासली जात होती. त्या घासण्यात वाहिनीचे आतले अस्तर निघून जायचे. हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचे असते. डॉक्टरी भाषेत त्याला एंडोथेलियम म्हणतात. अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलीनने वाहिनी सैल पडते. अस्तर गेले असेल तर रसायन थेट स्नायूवर पडते आणि वाहिनी आवळते.

त्यांनी पुढे अस्तर काढलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला लावून ठेवली आणि अ‍ॅसिटिलकोलीन टाकले. आता अस्तर नसलेली पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तर स्वतः काहीतरी तयार करून शेजारच्या स्नायूला देत होते. हे संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. ती वस्तू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, असे १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी वेगवेगळे मांडले. १९९८ मध्ये या दोघांना आणि फरीद मुराद यांना नोबेल मिळाले.

हा वायू काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सैल करून जातो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायला देतात ती सॉर्बिट्रेटची गोळी वस्तीत पुष्कळांना माहीत आहे. ती गोळी शरीरात गेल्यावर हाच नायट्रिक ऑक्साइड देते. अस्तराने करायचे काम काही वेळापुरते गोळी करते.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अ‍ॅसिटिलकोलीन सोडणारे मज्जातंतू शरीरातल्या बहुतेक रक्तवाहिन्यांपर्यंत जात नाहीत. पण वाहत्या रक्ताचा घास लागला तरी हे अस्तर तोच वायू सोडते. आपण भरभर चाललो, रक्त जोरात वाहू लागले की अस्तर वाहिनीला रुंद करते. अ‍ॅसिटिलकोलीनमुळे या अस्तराचे काम आपल्याला कळले आणि अस्तर धड आहे की खराब, हे तपासायचे साधनही मिळाले. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या हृदयाच्या धमन्यांत अ‍ॅसिटिलकोलीन सोडून पाहिले. निरोगी धमन्या रुंद झाल्या. ज्या धमन्यांत चरबीचे थर बसले होते त्या उलट आवळल्या. सशाच्या पट्टीत जे दिसले होते, तेच माणसात दिसले.

खोटी किल्ली

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ.

तंबाखूतल्या निकोटीनचा आकार असा आहे की ते अ‍ॅसिटिलकोलीनच्या काही कुलपांत बसते. शास्त्रज्ञांनी त्या कुलपांना नावच निकोटिनिक दिले आहे. अशी कुलपे स्नायूवर असतात, मेंदूत असतात, मज्जातंतूंच्या गाठींत असतात आणि मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ग्रंथीतही असतात. मिश्री हिरडीला लावली की निकोटीन तोंडाच्या नाजूक त्वचेतून रक्तात उतरते. चुना लावलेल्या तंबाखूतून आणि खर्ऱ्यातून ते आणखी लवकर उतरते, कारण चुन्यामुळे निकोटीन सहज शोषले जाते. मग ही खोटी किल्ली गाठींत आणि ग्रंथीत जाऊन बसते. कोणी पाठवला नसताना निरोप सुटतो. अ‍ॅड्रेनालीन बाहेर पडते, हृदय भरभर धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. तंबाखू खाल्ल्यावर जी तरतरी वाटते, तिच्यात याचाही वाटा असतो.

हे दिवसातून चार-पाच वेळा, वर्षानुवर्षे चालते. बिडी-सिगारेटचा धूर यापुढे जाऊन अस्तरालाच इजा करतो आणि त्याची वायू तयार करण्याची ताकद कमी करतो. वाढलेला रक्तदाब आणि वाढलेली साखर या दोन्ही गोष्टीही अस्तर खराब करतात. दोन्ही दुखत नाहीत, म्हणून कळत नाहीत. मावशींच्या बाबतीत तर रक्तदाब आधीच चढलेला, त्यात दिवसभर खोट्या किल्लीचे निरोप. मिश्री दातालाच लागते, पण तिचा हुकूम सगळ्या अंगभर जातो.

न निघणारी किल्ली

किल्ली मोडणारे विकर आठवते ना? फवारणीच्या पुष्कळ कीटकनाशकांचे काम त्या विकरालाच बंद पाडण्याचे असते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यांतली नावे. यांना ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधे म्हणतात. किडीचे विकर बंद पडते, तसेच माणसाचेही पडते. अ‍ॅसिटिलकोलीन फटीत साचत जाते आणि प्रत्येक कुलपात किल्ली अडकून बसते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि अनेकांचा मृत्यू झाला. त्यांत रोजंदारीवर पाठीला पंप बांधणारे पुष्कळ होते. विष पोटात गेले तरच चढते असे नाही. ते कातडीतून आणि श्वासातूनही शिरते. भिजलेला सदरा अंगावर राहिला तरी ते शिरत राहते.

लक्षणे अशी दिसतात : डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, उलटी, जुलाब, कपड्यांत लघवी, छातीत घरघर. स्नायूंचे बारीक फडफडणे दिसते आणि मग ते गळून जातात. श्वासाचे स्नायू गळाले की माणूस दगावतो. आता तुम्हाला यातली प्रत्येक गोष्ट का होते ते सांगता येईल. ग्रंथी, आतडे, श्वासनळी, हातपाय, सगळीकडे एकच निरोप थांबायचे नाव घेत नाही.

आम्ही वॉर्डात असे रुग्ण सांभाळले आहेत. अ‍ॅट्रोपीनची सुई पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ते एका प्रकारच्या कुलपांवर जाऊन बसते, त्यामुळे लाळ आणि छातीतले पाणी सुकते, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी वाढते. रुग्णाचे तोंड कोरडे पडते, तो बडबडतो, हातपाय झाडतो. नातेवाईक घाबरून म्हणतात, "सिस्टर, सुई बंद करा, याला वेड लागलं." त्यांची भीती आम्ही समजू शकतो. पण हा बराचसा औषधाचा परिणाम असतो आणि डॉक्टर त्यावर नजर ठेवून मात्रा ठरवतात. सुई बंद करायचा हट्ट धरू नका.

दुसरी चूक याहून महागात पडते. एक-दोन दिवसांनी रुग्ण बोलू लागतो, खर्च वाढत असतो, घरचे सही करून त्याला घरी नेतात. हाताच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरच्या कुलपांवर अ‍ॅट्रोपीनचा उपयोग होत नाही. म्हणून विष गेल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू अचानक गळू शकतात. उशीवरून डोके उचलता येत नाही, हे त्याचे पहिले लक्षण असते. अशा वेळी श्वासाचे यंत्र जवळ असेल तर जीव वाचतो. डॉक्टर सोडत नाहीत तोवर घरी नेऊ नका.

घरात आणि कामावर काय करावे?

विषबाधा झाली तर : माणसाला मोकळ्या हवेत आणा. कपडे काढा, अंग आणि केस साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातात रबरी मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. उलटी काढायला लावू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, काहीही पाजू नका. शुद्ध कमी असेल तर कुशीवर वळवून ठेवा. १०८ ला फोन करा. औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्या. कोणते विष ते कळले की उपचार लवकर सुरू होतात.

फवारणीला जाताना : अंगभर कपडे, मोजे आणि तोंडाला मास्क मालकाकडे मागून घ्या. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. हात धुतल्याशिवाय तंबाखू, बिडी, भाकरी तोंडात नको. कामावरून आल्यावर आधी आंघोळ आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

घरात : ढेकूण-झुरळांचे औषध सुट्या बाटलीत विकत घेऊ नका. बाटलीवर नाव नसेल तर डॉक्टरला विष ओळखता येत नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका, पोरे पितात. घरात कोणी फार खचलेले, गप्प झालेले असेल तर शेतीची औषधे घरातून हलवा आणि त्या माणसाशी बोला.

अस्तर जपायला : तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. गोळी चालू झाली की बरे वाटते म्हणून बंद करू नका. मीठ माणशी दिवसाला एक लहान चमचा, त्यातच लोणचे, पापड, फरसाण धरा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. घरकामात आणि कामावर पाय चालतातच, पण सलग आणि भरभर चालले की रक्ताचा प्रवाह वाढतो आणि अस्तराला कामाला लावतो. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर बोला. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते. मेंदूतल्या कुलपांना खोट्या किल्लीची सवय झालेली असते, ती हळूहळू सुटते.

छातीत कळ, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, दम लागणे, दरदरून घाम, यांतले काही झाले तर बसा आणि १०८ बोलवा. बायकांना कळ न येता नुसते मळमळते किंवा गळाल्यासारखे होते, तेही पित्त म्हणून सोडू नका. जिभेखालची गोळी डॉक्टरने तुम्हाला दिली असेल तरच घ्या. शेजाऱ्याची उसनी घेऊ नका, रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती जिवावर बेतू शकते.

त्या दिवशी मावशींना आम्ही एवढे सगळे सांगितले नाही. किल्ली आणि कुलूप एवढेच सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दाताला लावते ती आत जाऊन बसते." आम्ही म्हणालो, "हो मावशी, बसते आणि आवळते."

मिश्रीची डबी अजून सुटलेली नाही. दिवसातून चार वेळची दोन वेळ झाली आहे. बीपीची गोळी मात्र रोज चालू आहे आणि वरचा आकडा १४० च्या आत आला आहे. उरलेल्या दोन वेळांसाठी आमचे त्यांच्याकडे जाणे चालूच आहे.